यादीतली सतरावी वस्तू

शाळेनं पाठवलेल्या यादीत तेवीस वस्तू होत्या आणि त्यांतल्या बावीस मैथिली निकमनं शिबिराच्या सहा दिवस आधीच बॅगेत भरून टाकल्या होत्या. बाकीच्या आया आदल्या संध्याकाळी मोज्याचा दुसरा पाय शोधत घरभर फिरतात, हिचं तसं नव्हतं. कानटोपी, विजेरी, ताट-वाटी-पेला, डासांचं मलम, कपड्यांचे चार जोड आणि प्रत्येकावर छापील चिठ्ठी: रेवा निकम, तिसरी ब. टूथपेस्टवरसुद्धा चिठ्ठी होती, आणि तिच्या झाकणावर वेगळी.

हा सगळा नोकरीचा परिणाम. साताऱ्याजवळच्या एका लस कारखान्यात ती निर्जंतुक विभागाची पर्यवेक्षक होती. तिथं चिठ्ठी, तारीख आणि सही असल्याशिवाय चमचाही जागचा हलत नाही. आत जाण्याआधी औषधी साबणानं आंघोळ, मग कोपरापर्यंत पाच मिनिटं घासणं, बाहेर आल्यावर पुन्हा तेच. आठवड्यातले सहा दिवस, गेली सहा वर्षं. तिच्या हातांचा ठसा काचेच्या थाळीत घेतला तर त्यातून एक जंतू उगवत नसे, आणि त्याबद्दल तिला दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. ती दोन्ही तिनं दिवाणखान्यात लावली होती.

"एक दिवस माझ्या कपाळावरही चिठ्ठी डकवशील," असं तिचा नवरा तन्मय म्हणायचा. तो डोंगरावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीला होता आणि एकूणच हवेशीर स्वभावाचा माणूस होता.

राहिलेली वस्तू यादीत सतराव्या क्रमांकावर होती. गंधपट्टी, एक. झोपताना उशीच्या अभ्र्यात सरकवणे.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी हे जरा सांगायला हवं. माणसाच्या ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. कातडीवर राहणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव तो घाम खातात आणि त्यातून जे उरतं, त्याला वास येतो. कोणाच्या अंगावर कुठल्या जातीचे जीव किती, हे माणसागणिक वेगळं, म्हणून वासही वेगळा. तान्ह्या बाळाला आई डोळ्यांनी ओळखू येण्याआधी नाकानं कळते, हे पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं इतकंच झालं, की त्या वासातले मुख्य अडतीस घटक मोजून ते कागदी पट्टीवर पुन्हा जसेच्या तसे उतरवता येऊ लागले. आधी हे काचेच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वापरलं, मग रुग्णालयात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, आणि आता शाळांच्या मुक्कामी शिबिरांसाठी. पट्टी उशीत असली की मूल घरच्यासारखं झोपतं. तीन रात्री ती टिकते.

मात्र पट्टी कोणाच्या वासाची, हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. ते मुलाचं शरीर ठरवतं. शाळेकडून आठवड्यासाठी जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र घरी येतं. घरातल्या आणि रोजच्या माणसांनी एकेक सुती चौकोन काखेत धरून झोपायचं. ते चौकोन मग नंबर घातलेल्या बरण्यांत टाकून मुलाला हुंगायला द्यायचे, कुठली बरणी कोणाची हे न सांगता. मनगटावरचा पट्टा मुलाची नाडी आणि कातडीवरचा ओलावा मोजतो, जिभेखालची काडी लाळेतलं ताणाचं प्रमाण बघते, आणि यंत्र शंभरापैकी एक आकडा देतं. त्याला शांतीचा आकडा म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला बहुधा संसार नसावा.

रविवारी सकाळी रेवानं तीन बरण्या हुंगल्या. तन्मयला मिळाले शेहेचाळीस. मैथिलीला अकरा. आणि सानिकाला एक्क्याण्णव.

सानिका म्हणजे मैथिलीची धाकटी बहीण. दीड वर्षांपूर्वी ती त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आली. लग्न केलेलं नाही, करायचं नाही. बोलणाऱ्या यंत्रांची मराठी सुधारायचं काम ती घरबसल्या करायची, म्हणजे दिवसभर पायजम्यात बसून बँकेच्या यंत्राला 'आजोबांना अहो म्हणावं' हे समजावत राहायची. रेवा दुपारी शाळेतून सुटली की थेट मावशीकडे जायची आणि मैथिली कामावरून येईपर्यंत तिथंच असायची.

"यंत्र बिघडलंय," मैथिली म्हणाली.

"माझे शेहेचाळीस बरोबर वाटतात," तन्मय म्हणाला.

"तुला काय, पास झाल्याशी मतलब."

तेवढ्यात रेवानं यंत्राच्या पडद्यावर वाकून आकडे वाचले आणि टाळ्या पिटल्या. "मावशी पहिली! बाबा दुसरा! आई, तू तिसरी आलीस." मग आईचा चेहरा बघून ती समजूत काढत म्हणाली, "तिसऱ्या नंबरलाही बक्षीस असतं."

मैथिली हसली. हसावंच लागलं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हे काही आजचं नव्हतं. लहानपणी घरच्या मांजराला रोज दूध घालायची मैथिली, आणि मांजर झोपायचं सानिकाच्या मांडीवर. पाहुणे आले की पाणी आणायची मैथिली, आणि "काय गोड पोर आहे" हे सानिकाला. अभ्यास करून, पहिली येऊन, नोकरीत बढती घेऊन तिनं जे जे मिळवलं ते सानिकाला नुसतं बसल्याजागी मिळायचं, असं तिला कायम वाटत आलं होतं. तिच्या हिशेबी जगात रेवा ही एकच गोष्ट अशी होती जिथं सानिका दुसरी असणार, यात वादच नव्हता. आणि आता यंत्रानं तिथंही तिला मागं बसवलं.

त्यातून आणखी एक गोष्ट होती, जी घराबाहेर कोणाला माहीत नव्हती. साडेसहा वर्षांची होईपर्यंत रेवा झोपेत अंथरूण ओलं करायची. डॉक्टर झाले, गजर झाले, संध्याकाळी पाणी बंद करून झालं. मग आपोआपच ते थांबलं. शेवटच्या औषधाला गुण आला असं मैथिली घरच्यांना सांगायची. आता बसून तिनं महिने मोजले तर ते थांबलं होतं सानिका वर राहायला आल्यानंतर दोन महिन्यांनी.

बुधवारी आणि गुरुवारी मैथिलीनं रजा टाकली. सहा वर्षांत पहिल्यांदा. कारण तिनं कोणाला सांगितलं नाही, पण तन्मयला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

"मैथिली, तू आंघोळ केली नाहीस का?"

"तुला त्रास होतोय?"

"नाही, म्हणजे, कालही नाही केलीस का?"

"माझं घर आहे. मी वाटेल तेव्हा करीन."

ज्या बाईनं भाजीवाल्याला हात धुवायला लावून मग सुट्टे पैसे घेतले होते, ती दोन दिवस पारोशी घरात हिंडत होती. साबण आपल्या कातडीवर काय करतो हे तिच्याइतकं साताऱ्यात कोणाला माहीत नसेल. सहा वर्षं रोज खरवडून काढलेलं रान दोन दिवसांत परत दाट होत नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. पण मत्सराला शास्त्र कळत नाही, किंवा कळलं तरी ते ऐकत नाही. ती बसली रेवाची वाट बघत.

एक वाजता रेवा शाळेतून आली, दप्तर दाराशी टाकलं आणि सवयीनं जिना चढायला लागली. "अगं, मी घरी आहे," मैथिलीनं हाक मारली. रेवा परत आली. आईनं तिला ओढून मांडीवर घेतलं, चांगलं घट्ट धरलं. रेवा मुकाट बसली, पोळीभाजी खाल्ली आणि मग काळजीनं विचारलं, "आई, तुला बरं नाहीये का?"

"मी बरी आहे."

"मग मी वर जाऊ?"

थोड्याच वेळात वरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. सानिका कसला तरी यांत्रिक आवाज काढत होती आणि रेवा खिदळत होती. काय इतकं हसण्यासारखं असतं, हे मैथिलीला कळेना. ती छताकडे बघत बसून राहिली. त्या घटकेला तिला आपली सख्खी बहीण दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशात, जमल्यास दुसऱ्या ग्रहावर राहायला जावी असं अगदी मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी तिनं नवा चौकोन बरणीत घालून रेवाला पुन्हा हुंगायला दिलं. तेरा.

"दोननं वाढलेत की," तन्मय म्हणाला, आणि मग तिच्याकडे बघून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला निघून गेला.

शुक्रवारी यंत्रानं तीन पट्ट्या तीन पाकिटांत बंद करून दिल्या. पाकिटांवर रेवाचं नाव आणि एक, दोन, तीन असे नंबर. एक नंबरची बॅगेत घालावी, बाकीच्यांची गरज नाही, अशी सूचना होती. यंत्र सोबत शाळेत परत द्यायचं होतं.

त्या संध्याकाळी सानिका तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन खाली आली, पलंगावर मांडी घालून बसली आणि मैथिलीनं घड्या मोडू नयेत म्हणून कागद घालून भरलेली बॅग तिनं सरळ उपसायला घेतली.

"ताई, केवढं भरलंयस! दोन रात्रींसाठी चाललीय ना ही? आणि हे काय, रबरी कापड?"

"नको ते!" रेवा जवळजवळ ओरडलीच. "बाकीच्या मुली हसतील. सगळ्या एका ओळीत झोपणार आहोत. ते काढ आई, आत्ताच्या आत्ता काढ."

"अगं, पण असू दे. लागलंच तर."

"नाही लागणार. मावशीची पट्टी आहे ना. मग मला काही नाही होणार." रेवानं मावशीच्या कुशीत डोकं खुपसलं आणि सानिकानं तिच्या केसांत बोटं फिरवली, इतकी सहज की जणू तो तिचा रोजचा उद्योग होता. होताच तो.

मैथिलीनं रबरी कापड काढून कपाटात ठेवलं. "अगं ताई, एवढं तोंड काय पाडतेस," सानिका हसत म्हणाली, "यंत्राचे आकडे ते. माझ्याकडे दिवसभर असते म्हणून असेल." हे तिनं चांगल्या मनानं म्हटलं होतं. मैथिलीला ते भीक घातल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळी रेवा दात घासत असताना मैथिलीनं दार लावून घेतलं. तीन नंबरच्या पाकिटात तिची स्वतःची पट्टी होती. तिनं छापयंत्रातून नवी चिठ्ठी काढली, रेवा निकम, एक, आणि ती जुनीवर डकवली. कारखान्यात असं कोणी केलं असतं तर तिनंच त्याला त्या दिवशी घरी पाठवलं असतं. मग तिनं खऱ्या एक नंबरचं पाकीट फोडलं, सानिकाची पट्टी बशीत ठेवली आणि तिच्यावर स्पिरिट ओतलं. शरीरातून आलेली कुठलीही वस्तू निष्क्रिय केल्याशिवाय कचऱ्यात टाकायची नाही, हा त्यांच्याकडचा नियम. पाप करतानासुद्धा तिनं नियम पाळला.

तेरा म्हणजे काही शून्य नव्हे, असं तिनं स्वतःला सांगितलं. मूल दोन रात्री आईच्या वासात झोपलं तर सवय लागेल. सवयीनं सगळं होतं. आठ वर्षांची घोडी झालीय, आता कुठलं अंथरूण ओलं होतंय.

बसजवळ रेवानं तिच्या कानाशी येऊन विचारलं, "मावशीची पट्टी ठेवलीस ना?"

"हो," मैथिली म्हणाली. "ठेवली."

रेवानं मान डोलावली आणि बसमध्ये चढली. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मैथिलीचा फोन वाजला. शाळेनं शिबिराची छायाचित्रं पाठवली होती. बामणोलीजवळ, कोयनेच्या जलाशयाकाठी लांबलचक पत्र्याची खोली, आणि तिच्यात गाद्या पसरलेल्या, एकीला दुसरी चिकटून. मधोमध रेवा बसलेली, अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलीच्या गळ्यात हात टाकून. तिच्या आणि त्यांच्या उशीत वीतभर अंतर नव्हतं. रेवाच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता. तिला आईनं सांगितलं होतं, पट्टी ठेवली म्हणून.

मैथिलीनं डबा तसाच मिटला. उद्या सकाळी त्या ओळीत कोणाचं तरी नाक वाकडं होईल, कोणीतरी ओरडेल, आणि हे मूल गादीच्या ओल्या भागावर बसून राहील, उठणार नाही. ते तिनं घरी पाहिलं होतं. रेवा अशा वेळी उठायचीच नाही. लोकांनी खोलीतून जायची वाट बघत ती बसून राहायची. आणि हे आपण केलं. आपल्या बहिणीला एकदा तरी हरवावं म्हणून.

तिनं तासाभरात कामातून सुट्टी घेतली. तन्मय पवनचक्क्यांवर होता, तिथं फोन लागत नव्हता. पट्टी स्पिरिटमध्ये गेलेली, यंत्र शाळेच्या कपाटात. आता एकच वाट होती, आणि ती वरच्या मजल्यावर जात होती.

सानिकानं दार उघडलं. "ताई? आत्ता? काय झालं?"

"तुझी ओढणी हवीय. अंगावरचीच."

मग जिन्यातच उभं राहून मैथिलीनं तिला सगळं सांगितलं. पारोसं राहण्यापासून स्पिरिटपर्यंत. मध्ये थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून थांबली नाही. सानिका ऐकत होती. तिचा चेहरा आधी गोंधळला आणि मग लाल झाला.

"तुला माहीत होतं ना?" ती म्हणाली. "ती झोपेत काय करते ते तुला माहीत होतं ना? तरी?"

"हो."

"आणि तिला सांगितलंस ठेवली म्हणून?"

"हो."

"ताई, तू मला दोन थोबाडीत मारल्या असत्यास तरी चाललं असतं. तिच्यावर कशाला काढायचं?" सानिकानं दाराची किल्ली उचलली. "मी येते. तुझ्या एकटीच्या हातात ओढणी द्यायला आता माझा जीव धजत नाही."

हे मैथिलीला लागलं. तिनं गाडी काढली. दोघी कासचा चढ चढल्या. पठार ओलांडून गाडी खाली उतरायला लागल्यावर सानिका खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला सगळं मिळालं म्हणून मी कधी पोटात दुखवून घेतलं नाही. शप्पथ. मला एवढंच वाटायचं की हे एक आपलं आहे. ती धावत वर येते तेव्हा. एवढंच." मैथिलीनं समोरच्या वळणाकडे बघत गाडी चालवली. आत्ताही, या क्षणीही, तिला 'आपलं' हा शब्द टोचला.

शिबिरावर पोचेतो ऊन उतरलं होतं. फाटकाशीच शिबिरप्रमुख शेलारताईंनी त्यांना अडवलं. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या बाई. पालकांनी आत जायचं नाही, मुलांना दिसायचं नाही; एकीला आई दिसली की वीस जणी रडतात, हा त्यांचा नियम होता. फाटकाला लागूनच स्वयंपाकाची पडवी होती. तिथं आमटीला फोडणी पडत होती आणि लसणाचा वास सगळीकडं पसरला होता.

"पट्टी चुकीची गेलीय," मैथिली म्हणाली.

"चुकून?"

मैथिलीनं सानिकाकडं बघितलं. "नाही. मी मुद्दाम ठेवली. माझी."

शेलारताईंना काही विशेष वाटलं नाही. "दर शिबिराला दोघी-तिघी येतात अशा. काही येत नाहीत, मग आम्हाला सकाळी कळतं." त्यांनी आतून एक कापडी पिशवी आणि फळीवर लावलेला कागद आणला. "ओढणी द्या. उशीत घालू, पट्टीपेक्षा बरी चालते. आता वास घेऊन खात्री करा आणि सही करा. नियम आहे. मागल्या साली एका बाबानं गडबडीत ड्रायव्हरचा रुमाल आणून दिला होता."

सानिकानं ओढणी काढून दिली. मैथिलीनं ती नाकाला लावली आणि श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. मग तिनं ओढणीचा मानेकडचा भाग शोधून त्यात नाक खुपसलं.

"सानिका, ही धुतलेली आहे!"

"काहीतरीच. कालपासून गळ्यात आहे माझ्या."

"अगं, याला वासच नाहीये! काहीच नाही!" मैथिलीचा आवाज फाटला. आपण एवढं सगळं कबूल करून, एवढ्या लांब येऊन, कोरं फडकं आणलं असं तिला वाटलं.

शेलारताईंनी ओढणी घेऊन हुंगली. "हाय की. चांगला वास हाय. रवा भाजल्यासारखा. तुम्हाला सर्दी झालीय का?"

"नाही." आमटीचा लसूण तिला येत होता. जलाशयाच्या चिखलाचा येत होता. स्वतःच्या हातांना कारखान्याच्या साबणाचा येत होता. फक्त या ओढणीला येत नव्हता.

शेलारताईंनी एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. "सख्ख्या बहिणी ना तुम्ही? मग बरोबर हाय. आपला वास आपल्याला येत नसतो, ताई. जन्मभर नाकाशीच असतो, मग नाक त्याची दखल घ्यायचं सोडून देतं."

"पण ही माझी नाही. हिची आहे."

"तेच सांगतेय. अंगातली रोगाशी लढणारी जी जनुकं असतात, ती ठरवतात कातडीवर कुठले जंतू टिकायचे ते. सगळ्या बहिणींत नाही, पण काही काही बहिणींत ती अगदी सारखी उतरतात आईबापांकडून. मग वासही तसाच, सारखा. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय. तुम्ही कामाला कुठं?"

"निर्जंतुक विभागात. लस कारखान्यात."

"कधीपासून?"

"रेवा दोन वर्षांची होती तेव्हापासून."

"म्हणजे पोरीनं पहिली दोन वर्षं हाच वास घेतला की. तुमचा. मग तो तुम्ही धुऊन काढला. आता मावशीकडं सापडतोय तिला, तर जाते तिथं." कुठल्या गादीला कुठली चादर हे सांगावं तितक्या सहज त्यांनी सांगितलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

मैथिली तिथंच उभी राहिली. आधी तिला आनंद झाला, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. एक्क्याण्णव माझे आहेत. पोर माझीच आहे, मलाच शोधत जिना चढत होती. आठवडाभर छातीवर ठेवलेला धोंडा कोणी उचलून बाजूला केला असं तिला झालं. तन्मयला फोन लावावा, ओरडून सांगावं, असं वाटलं. त्याच आनंदात ती सानिकाकडे वळली.

सानिका तिच्याकडे बघत नव्हती. शेलारताईंच्या हातातल्या ओढणीकडे बघत होती. वाटभर रागावलेली, ठसक्यानं बोलणारी सानिका एकदम लहान दिसत होती.

"म्हणजे ती माझ्याकडे यायची ते..." ती म्हणाली आणि थांबली. मग उगाच हसली. "म्हणजे मी नुसती वासापुरतीच आहे म्हणायची."

तो चेहरा मैथिलीला चांगला ओळखीचा होता. रविवारपासून रोज सकाळी बेसिनवरच्या आरशात तिनं तोच पाहिला होता.

"पिशवीवर नाव काय लिहू?" शेलारताईंनी विचारलं. "ज्याचा वास त्याचं नाव लागतं. पोरी आधी नाव वाचतात, मग उशीत घालतात. आई लिहू? तसं खोटं नाही ते आता."

आई. एकच शब्द होता आणि तिचा हक्काचा होता. रेवा तो वाचणार, त्याच्यावर डोकं ठेवून शांत झोपणार, आणि सकाळी कोरड्या गादीवरून उठून म्हणणार की आईच्या वासानं मला काही झालं नाही. वर्षानुवर्षं मागं पडल्यावर शेवटी मैथिली पहिली येणार होती, आणि या वेळी शास्त्रसुद्धा तिच्या बाजूनं होतं. सानिका काही बोलली नसती. ती फाटकाच्या गजावरचा गंज नखानं खरवडत होती.

"मावशी लिहा," मैथिली म्हणाली. "सानिकामावशी."

म्हणताना तिच्या पोटात दुखलंच. तिनं सही केली. शेलारताई पिशवी घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं पत्र्याच्या खोलीतून रेवाचा आवाज आला, अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "माझ्या मावशीची ओढणी आलीय! बघ, नाव आहे!"

दोघी बहिणी फाटकाबाहेर ऐकत उभ्या राहिल्या. मैथिलीच्या पोटात पुन्हा एकदा कळ आली, आणि या वेळी तिनं ती कोणाला दिसू दिली नाही. सानिकानं ओठ घट्ट मिटले होते. मग तिनं नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"किल्ली दे," ती म्हणाली. "घाटात मी चालवते."